मदत हवी आहे: पास्ता सॅलडला तळाशी पाणी सुटतं

रविवारी दुपारी 1 चं जेवण, 25 माणसं. फुसिली (पीळदार पास्ता) 1 किलो, कोवळा पालक आणि लेट्यूस मिळून 300 ग्रॅम, काळी द्राक्षं, संत्र्याच्या सोललेल्या फोडी, स्ट्रॉबेरी. ड्रेसिंग ऑलिव्ह तेल, लिंबू, मध, मीठ, मिरपूड. मेयोनीज नको, कांदा-लसूणही नाही.

पाव किलोचं दोनदा करून पाहिलं. पहिल्यांदा सगळं रात्रीच कालवलं: सकाळी पालक काळपट, लोळागोळा, भांड्याच्या तळाशी बोटभर गुलाबी पाणी आणि फ्रिजमुळे पास्ता चिवट. दुसऱ्यांदा पास्ता पाकिटावरच्या वेळेपेक्षा मिनिटभर जास्त उकडला, धुऊन तेलाचा हात लावला. मऊ राहिला, पण ड्रेसिंग चिकटेना, घसरून खालीच. (तेल लावणं हीच चूक असावी.) द्राक्षं अख्खी ठेवली तर पाणी सुटत नाही; गोंधळ चिरलेल्या स्ट्रॉबेरीचा आणि संत्र्याचा.

पालेभाजी धुऊन फडक्यावर कोरडी करते, त्यामुळे ते पाणी नव्हे. घरून 11 ला निघायचं, तिथे फ्रिज नाही, कालवायला दहा मिनिटं मिळतील.

तेलाऐवजी गरम पास्त्यालाच निम्मं ड्रेसिंग लावून ठेवलं तर 1 पर्यंत चव टिकेल का? की तेवढ्यात ते सगळं शोषून पास्ता कोरडा पडेल? आणि स्ट्रॉबेरीऐवजी आंबटगोड, चिरूनही पाणी न सोडणारं कोणतं फळ घालू?