'हाऊ कम'मधलं 'डिड' गेलं कुठे?

मंडळी, एक शंका. काल कॉलवर अमेरिकेतल्या सहकाऱ्याला मी विचारलं, 'हाऊ कम डिड यू चेंज द डेट?' त्याला कळलं, उत्तरही दिलं, पण नंतर आमच्याच टीममधलीने चॅटवर टाकलं की डिड काढ, 'हाऊ कम यू चेंज्ड द डेट' असं म्हण. आता शाळेत तर प्रश्न म्हटला की डिड पुढे आण नि क्रियापद मूळ रूपात ठेव असंच घोकून घेतलंय, मग इथे का नाही?

– तिचं बरोबर आहे. हाऊ कम म्हणजेच 'हे असं कसं झालं की', प्रश्न तिथेच विचारून झाला, पुढे येतं ते साधं विधान. म्हणून 'व्हाय आर यू लेट' पण 'हाऊ कम यू आर लेट'. प्रयोग जुना आहे बरं का, बार्टलेटच्या १८४८च्या अमेरिकन शब्दकोशात सापडतो, व्हर्जिनियात भरभर बोलताना त्याचं 'हक्-कम' व्हायचं म्हणे.

– आपलं 'कसा काय' आठवा ना! दारात आलेल्याला 'का आलास?' म्हटलं तर तो चप्पल न काढताच परत फिरेल, 'तू कसा काय आलास?' म्हटलं की आत येऊन बसतो. व्हाय आणि हाऊ कममध्ये साधारण तेवढाच फरक, नवल वाटल्याचा. फक्त रस्त्यात भेटल्यावरचं 'काय, कसं काय?' वेगळं, तिथे हाऊ कम नको, समोरचा बघतच राहील :)

– अजून एक गंमत. 'व्हाय डिड ही से शी लेफ्ट' याचे दोन अर्थ निघतात, तो असं का म्हणाला किंवा त्याच्या म्हणण्यानुसार ती का गेली. 'हाऊ कम ही सेड शी लेफ्ट' म्हटलं की पहिलाच उरतो.

– आणि 'व्हॉट फॉर'?

– ते आपलं 'कशाला'. पण तिथे डिड लागतंच, 'व्हॉट डिड यू कॉल हिम फॉर', फॉर पार शेवटी.

– धन्यवाद, डोक्यात बसलं. पण मग 'यू कमिंग?' म्हणतात त्यातलं आर कुठे जातं?

– ते बोलताना गिळलं जातं, हवं तर परत घालता येतं. हाऊ कमच्या पुढे घालायला गेलात की कालच्यासारखं होतं.