स्विफ्टला १५ ऐवजी १४ इंची चाकं : मायलेज वाढेल का?

कोथरूडकर: स्विफ्ट झेडएक्सआय, टायर १८५/६५ आर१५ (रुंदी मिमीत / उंची रुंदीच्या किती टक्के, मग रिम किती इंची). रोज कोथरूड ते हिंजवडी. खालच्या मॉडेलचे १६५/८० आर१४ बसवले तर पेट्रोल वाचेल का?

चाकपुराण: माप जुळतं. बाहेरचा व्यास ६२१.५ ऐवजी ६१९.६ मिमी, म्हणजे स्पीडोमीटर जवळपास तोच. १६५/७० मात्र चुकूनही घेऊ नका. व्यास ५८६.६ वर येतो, ओडोमीटर सुमारे ६ टक्के जास्त पळतो आणि २० चं मायलेज २१.२ दिसतं. लोक त्यालाच बचत समजतात!

रिमला १०० मिमीच्या पीसीडीवर (बोल्टच्या भोकांमधून जाणाऱ्या वर्तुळाचा व्यास) चार भोकं, मधलं भोक ५४.१ मिमी. नव्या रिमचं मधलं भोक मोठं असेल तर हब रिंग (फट भरणारी कडी) लावा, नाहीतर स्टिअरिंग थरथरू शकतं. नट रिमवर जिथे टेकतो त्या खाचेच्या आकाराप्रमाणे घ्या, अलॉयचे स्टीलला चालतीलच असं नाही. बसवल्यावर चाक हाताने पूर्ण फिरवून ब्रेकच्या कॅलिपरला घासत नाही ना, ते बघा.

ग्रीसवाला: १४ इंची स्टील रिम हलकीच असते हा गैरसमज. दोन्ही चाकं टायरसकट काट्यावर ठेवा, मगच पैसे मोजा. शिवाय अरुंदपणापेक्षा टायरचं रबर आणि हवा महत्त्वाची. चांदणी चौकापुढच्या रखडपट्टीत पेट्रोल खातो तो ब्रेक, टायर नव्हे. लोड इंडेक्स (टायर किती वजन पेलतो त्याचा आकडा) कंपनीने दिलेल्यापेक्षा कमी नको.

कोथरूडकर: आणि पावसात?

चाकपुराण: साचलेल्या पाण्यात अरुंद टायर कमी तरंगतो. पण कोरड्या रस्त्यावर ब्रेकिंग आणि वळणावरची पकड थोडी कमी होते. आधी पंधरा दिवसांतून एकदा, गाडी थंड असताना हवा तपासा. ते फुकट आहे.