स्वतंत्र दिग्दर्शकाने आपल्या चित्रपटाचे संकलन स्वतः करावे का?

कोपरीकर (ठाणे पूर्व)

स्वतःच्या पैशांतून किंवा मित्रमंडळींच्या मदतीने चित्रपट करणाऱ्या दिग्दर्शकाने त्याचे संकलन स्वतः करू नये, असे माझे स्पष्ट मत आहे. व्यावसायिक निर्मात्याचा जाच नको म्हणून माणूस या वाटेला येतो, हे मान्य. परंतु कथा त्याची, दिग्दर्शन त्याचे आणि पैसाही त्याचाच असेल, तर ‘हे काढा’ असे तोंडावर सांगू शकणारा एकच माणूस उरतो, तो म्हणजे संकलक. त्यालाही निरोप दिला की मग मैदान मोकळे.

नुकताच एका परिचित दिग्दर्शकाच्या पहिल्या चित्रपटाचा कच्चा कट घोडबंदर रस्त्यावरील त्यांच्या घरी पाहण्यात आला. नायिका धाकट्या भावाच्या नोकरीविषयी आईशी धडधडीत खोटे बोलते आणि चपला घालून बाहेर पडते, त्यानंतर थेट खाडीतल्या फ्लेमिंगोंचा जवळजवळ मिनिटभराचा शॉट येतो. शॉट देखणा आहे, यात वाद नाही. पण खोटे बोलून बाहेर आल्यावर तिच्या चेहऱ्यावर काय उमटले हे पाहण्याची जी ओढ लागलेली असते, ती त्या मिनिटात पार विरून जाते. हा शॉट इथे कशासाठी, असे विचारले तेव्हा उत्तर मिळाले, की भरती-ओहोटीच्या वेळा पाहून, लांब पल्ल्याची लेन्स भाड्याने आणून, ऐरोलीच्या बाजूला पहाटेपासून चिखलात ताटकळावे लागले होते. म्हणजे शॉटचे मोल त्याच्या अर्थावरून न ठरता त्यासाठी उपसलेल्या कष्टांवरून ठरले. वॉल्टर मर्च यांच्यासारखा अनुभवी संकलक, शक्यतो चित्रीकरणाच्या जागी जाऊच नये असे सांगतो, ते याचसाठी: चौकटीबाहेर काय घडले हे प्रेक्षकाला ठाऊक नसते, तेव्हा ते संकलकालाही ठाऊक नसलेलेच बरे. सत्यजित राय यांच्यासारख्या, संगीतापासून जाहिरातफलकापर्यंत सगळ्यात स्वतःचा हात असलेल्या दिग्दर्शकानेही ‘पथेर पांचाली’साठी दुलाल दत्त यांना संकलनाला घेतले आणि पुढे त्यांची साथ सोडली नाही. मग आपण कोण लागून गेलो?

नेरुळकर

उदाहरण चांगले आहे, निष्कर्ष मात्र घाईचा आहे. एका दिग्दर्शकाला एक शॉट कापवला नाही, एवढ्यावरून सर्वांच्या हातातून कात्री काढून घेण्याचे कारण नाही.

आपण असे गृहीत धरले आहे की आधी लेखन, मग चित्रीकरण आणि सर्वांत शेवटी संकलन होते. मोठ्या चित्रपटांत तसे होतही असेल, कारण तिथे प्रत्येक दिवसाचे भाडे चढत असते. आमच्याकडे या तिन्ही गोष्टी एकमेकींत मिसळलेल्या असतात. रीमा दास यांनी आसाममधल्या आपल्या गावी ‘व्हिलेज रॉकस्टार्स’ केला तेव्हा लेखन, छायाचित्रण आणि संकलन हे सगळे त्यांचेच होते, आणि चित्रीकरण सलग न करता बराच काळ थोडे थोडे करून झाले होते. त्या चित्रपटाला 2018 साली सर्वोत्कृष्ट चित्रपटाचा राष्ट्रीय पुरस्कार तर मिळालाच, शिवाय सर्वोत्कृष्ट संकलनाचा पुरस्कारही खुद्द रीमा दास यांनाच मिळाला. जे काम दिग्दर्शकाने करू नये असे आपण म्हणता, त्याच कामासाठी त्यांना हा सन्मान मिळाला आहे. चित्रित झालेला भाग लावून पाहायचा, काय कमी पडते ते हेरायचे आणि पुन्हा त्याच माणसांकडे कॅमेरा घेऊन जायचे, ही पद्धत बाहेरच्या संकलकाला बरोबर घेऊन वर्षानुवर्षे कशी चालवणार?

पैशांचेही बोलून टाकतो. आमच्या अंदाजपत्रकात संकलकाच्या वाट्याला जे येते त्याला मानधन म्हणवत नाही, तो मानाचा नारळच असतो. दिवसभर मालिकेचे भाग कापून दमलेला माणूस रात्री अकराला आमचे फुटेज उघडतो. त्याच्यात तटस्थपणा असतो खरा, पण तो झोपेमुळे आलेला असतो. त्यापेक्षा दा विंची रिझॉल्व्ह या संकलनाच्या सॉफ्टवेअरची मोफत आवृत्ती घेऊन घरच्या संगणकावर मी स्वतः बसलेला काय वाईट?

तलावपाळीचा प्रेक्षक

चैतन्य ताम्हाणे यांच्या ‘कोर्ट’चे संकलन रिखव देसाई यांनी केले आणि ‘द डिसायपल’चे ताम्हाणे यांनी स्वतः. दोन्ही चित्रपटांना व्हेनिसमध्ये पुरस्कार मिळाले. दिग्दर्शकही तोच, महोत्सवही तोच. तेव्हा हा वाद निष्कारण आहे.

कोपरीकर (ठाणे पूर्व)

निष्कारण नाही. ‘कोर्ट’मध्ये कॅमेरा बहुतेक वेळ दूर आणि स्थिर असतो, आणि प्रसंग एकाच चौकटीत बराच वेळ चालू राहतो. अशा चित्रपटात कुठे कापायचे याचा बराचसा निर्णय चित्रीकरणातच होऊन जातो. अखेरीस न्यायालयाला सुट्टी लागते, माणसे पांगतात, दिवे मालवले जातात आणि पडदा काळा होतो. पुष्कळांना चित्रपट तिथेच संपला असे वाटते, पण तो पुढे न्यायाधीशांच्या सहलीला जातो. इतकी शिस्त ज्याच्या लेखनातच आहे, त्याने संकलनही स्वतः करावे, माझी हरकत नाही. आपल्याकडे पहिला चित्रपट करणारे बहुतेकजण एका प्रसंगाचे सात कोनांतून चित्रण करून ठेवतात आणि ‘संकलनात पाहू’ म्हणतात. मी बोलतो आहे ते त्यांच्याविषयी.

ऐरोलीची संकलक

मी याच व्यवसायात असल्यामुळे माझे मत निःपक्षपाती समजू नये. नेरुळकरांचा पैशांविषयीचा मुद्दा दुर्दैवाने खरा आहे, आणि रात्री अकराला फुटेज उघडणारी मीही आहे. तरीही माझे मत कोपरीकरांच्या बाजूचे आहे. मात्र माझे कारण फ्लेमिंगो नाहीत. तसा शॉट कोणाही परक्या माणसाच्या डोळ्यांत भरतो. त्यासाठी सोसायटीच्या क्लबहाऊसमध्ये चार शेजारी बसवले तरी भागते.

खरी अडचण अभिनयाच्या टेकमध्ये, म्हणजे एकाच प्रसंगाच्या पुन्हा पुन्हा केलेल्या चित्रणांमध्ये, असते. दिग्दर्शकाने सेटवर जो टेक ‘ओके’ केला, तोच त्याच्या कानांत आणि डोळ्यांत पक्का बसलेला असतो, आणि घरी बसल्यावर तो उरलेले टेक पाहतच नाही. एका लघुपटात वडिलांचे काम करणाऱ्या नवख्या गृहस्थांना चौथ्या टेकमध्ये वाक्य आठवेना. त्यांनी टेबलावरची चहाची बशी उगाच सरळ केली, पुन्हा सरळ केली, आणि मग कसेबसे बोलले. दिग्दर्शकाच्या नोंदवहीत त्या टेकपुढे फुली होती. मुलाकडे पैसे मागताना माणूस अडखळतो तो असाच, म्हणून मी तोच टेक लावला. त्या दिवशी वाक्य विसरल्यामुळे सेटवर किती खोळंबा झाला हे मला माहीत नव्हते. माझ्यासमोर फक्त पैसे मागायला लाजणारा बाप होता.

नेरुळकर

हा मुद्दा मला मान्य करावा लागेल, पण त्यातून दिग्दर्शकाने उठून जावे असे निघत नाही. त्याने सगळे टेक पुन्हा पाहावेत, एवढेच निघते. परकी नजर काळानेही येते. दोन महिने फुटेजकडे ढुंकूनही पाहू नये, मग आवाज बंद करून पाहावे, चित्र उजवे-डावे उलटवून पाहावे. आपलेच दृश्य आरशात पाहिल्यासारखे दिसू लागले की चौकटीतला रिकामेपणा लगेच खुपतो.

आणि एक धोका आपण दोघेही सांगत नाही. सराईत संकलकाचा हात मालिकेच्या गतीला सरावलेला असतो. जिथे मला मुद्दाम थांबायचे आहे तिथे त्याला ‘रेंगाळतंय’ असे वाटते, आणि दहा ठिकाणी अशी छाटणी झाली की चित्रपट चारचौघांसारखा होतो. तो चारचौघांसारखा होऊ नये म्हणूनच तर आम्ही घरचे पैसे घातलेले असतात.

ऐरोलीची संकलक

सराईतपणाचा आरोप मान्य. पण मग ‘झाले’ असे म्हणणार कोण? चित्र पक्के झाले, म्हणजे पिक्चर लॉक झाला, की ध्वनी, पार्श्वसंगीत, रंगसंस्करण आणि उपशीर्षके यांची कामे त्या कटावर सुरू होतात. घरच्या संगणकावर स्वतःच कापणारा दिग्दर्शक लॉकनंतरही एखाद्या रात्री बारा फ्रेम काढतो. ती त्याच्यासाठी अर्ध्या सेकंदाची सुधारणा असते, पण तिथून पुढची प्रत्येक पाऊलचाहूल, दाराची कडी आणि संगीताचा ठोका सरकतो, आणि ध्वनीवाल्याला सगळे पुन्हा जुळवत बसावे लागते. संकलक वेगळा असेल तर निदान त्या बारा फ्रेमसाठी कोणाला तरी फोन करावा लागतो, आणि निम्म्या वेळा तो फोन केलाच जात नाही.

नेरुळकर

उरलेल्या निम्म्या वेळा त्या बारा फ्रेम काढायलाच हव्या असतात.