मदत हवी आहे: एसटीने तोरणमाळ, मुक्कामासह

नमस्कार मंडळी. पाऊस ओसरला की आई आणि आजीला तोरणमाळ दाखवायचं आहे. आजीचं माहेर शहादा तालुक्यातलं, पण सातपुड्यात वर ती कधीच गेली नाही. यशवंत तलावाच्या काठी तिला निवांत बसवायचं, एवढीच माझी मनापासून इच्छा आहे. गाडी भाड्याने करणं खिशाला झेपणार नाही.

ठरवलंय ते असं: अमळनेरहून रेल्वेने दोंडाईचा, तिथून एसटीने शहादा आणि पुढे तोरणमाळची बस. आजी पंचाहत्तरीच्या पुढची, म्हणजे एसटीत तिला तिकीटच नाही. आईला आणि मला अर्धं. त्यामुळे प्रवासखर्चाची चिंता नाही, अडलंय ते वेळेवर.

शहाद्याहून वर जाणाऱ्या बस सध्या किती वाजता सुटतात? आणि शेवटची परतीची कधी? ही चुकली तर दोन म्हाताऱ्या माणसांना घेऊन वर अडकायचं, म्हणून अलीकडे जाऊन आलेल्यांनीच सांगा. सात पायरी घाटात आजीला मळमळेल का, याचीही काळजी आहे.

एक रात्र राहायचं आहे. स्वस्त, स्वच्छ आणि तळमजल्यावरची खोली कुठे मिळेल? भाकरी-ठेचा बरोबर नेऊ, पण रात्री गरम जेवण मिळालं तर बरं. सीताखाईपर्यंत आजीला चालवेल का, की तलाव आणि गोरखनाथाचं मंदिर एवढंच ठेवू? महाशिवरात्रीची गर्दी आम्हाला नकोच.