मदत हवी आहे – घोडी व्यायला आलीये, रात्री लांबून लक्ष कसं ठेवायचं?

नमस्कार मंडळी, आमची मारवाडी घोडी गाभण आहे, आज 332 वा दिवस. पागा शेतात, घर गावात, मधे दोन किलोमीटर. कास भरलीये आणि कालपासून सडांच्या टोकाला मेणासारखे पिवळट थेंब चिकटलेत, म्हणजे आता कधीही. घोड्या बहुतेक रात्रीच व्यातात, आणि पाणमोट फुटली की वीस-तीस मिनिटांत शिंगरू बाहेर यायला हवं, तेवढ्यात मी पोचलो नाही तर काय, ह्या विचाराने झोपच लागत नाही.

सध्या सिमकार्डवाला कॅमेरा लावलाय, अंधारात दिसतं बरं, पण मोशन अलर्ट निरुपयोगी आहे, शेपूट हलली तरी मोबाईल वाजतो आणि लाईट गेली की सगळंच बंद.

दुसरी भीती पोटशुळाची. गेल्या वर्षी ह्याच घोडीला रात्री पोटात दुखलं, सकाळी बघतो तर भुसा सगळा उकरलेला, अंग घामाने ओलं, सारखी मान वळवून कुशीकडे बघत होती, लीद एकही नाही. डॉक्टर वेळेवर आले म्हणून वाचली. व्यायच्या कळाही सुरुवातीला अशाच दिसतात ना, मग कॅमेऱ्यावर फरक कसा ओळखता?

घोडी आडवी पडली की अलार्म देणारा पट्टा कोणी वापरलाय का? आणि इन्व्हर्टर घेऊ की सोलर? प्लीज लवकर सांगा, आज रात्री तिथेच खाट टाकतोय.