नवे मृत्युपत्र केल्यावर जुने आपोआप रद्द होते का?

प्रश्न
माझ्या वडिलांनी 2009 साली केलेले मृत्युपत्र नोंदणीकृत आहे. त्यात राहती सदनिका धाकट्या भावाला आणि गावाकडची शेतजमीन मला दिलेली आहे. गेल्या वर्षी त्यांनी दोन साक्षीदारांच्या सह्यांनिशी साध्या कागदावर नवे मृत्युपत्र केले. मात्र त्यात फक्त जमिनीची वाटणी बदलली असून सदनिकेविषयी एक अक्षरही नाही. सदनिका दोघा भावांना सारखी मिळावी, असे ते तोंडी सांगतात. जुन्या कागदाच्या प्रत्येक पानावर लाल शाईने तिरपी रेघ ओढून त्यांनी कोपऱ्यात ‘रद्द’ असे लिहिले आहे. एवढे पुरेसे आहे का?

प्रतिसाद 1
पुरेसे नाही. नवे मृत्युपत्र जुन्याची जागा घेते ते दोहोंत विसंगती असेल तेवढ्यापुरतेच, त्यामुळे जमिनीबाबत नवे चालेल, पण सदनिकेबाबत 2009 चाच मजकूर उभा राहण्याचा धोका आहे. भारतीय उत्तराधिकार अधिनियम, 1925 च्या कलम 70 नुसार रद्द करण्यासाठी नवे मृत्युपत्र, किंवा मृत्युपत्राप्रमाणेच दोन साक्षीदारांसमोर केलेला रद्दलेख, किंवा रद्द करण्याच्या हेतूने मूळ कागद जाळणे, फाडणे वा अन्य प्रकारे नष्ट करणे आवश्यक आहे. रेघ ओढून मजकूर वाचता येत असेल, तर तो कागद नष्ट झाला असे म्हणता येत नाही. इंग्लंडमध्ये 1877 साली नेमका हाच प्रश्न आला होता: मृत्युपत्रावर रेघा ओढून, मागे रद्द केल्याचे लिहून एका गृहस्थाने ते रद्दीत टाकले, मोलकरणीने ते उचलून ठेवले, आणि न्यायालयाने ते रद्द झालेले नाही असे ठरवले.

प्रतिसाद 2
वडील हयात आहेत, तेव्हा हे आजच दुरुस्त करता येईल. सदनिकेसह सर्व मिळकतींचा उल्लेख असलेले एकच मृत्युपत्र करावे आणि आरंभीच ‘यापूर्वी केलेली माझी सर्व मृत्युपत्रे व पुरवणी मृत्युपत्रे मी याद्वारे रद्द करीत आहे’ असे लिहून 2009 च्या दस्ताचा नोंदणी क्रमांक व दिनांक द्यावा. नोंदणीकृत मृत्युपत्र नोंदणी नसलेल्या मृत्युपत्रानेही रद्द होते. तरीही घरात दोन भाऊ असताना नोंदणी करून घ्यावी, असे मला कळकळीने सांगावेसे वाटते.

प्रश्नकर्ता
आभारी आहे. पुढे त्यांनी हे नवे फाडून टाकले, तर 2009 चे पुन्हा लागू होईल का?

प्रतिसाद 2
नाही. कलम 73 प्रमाणे रद्द झालेले मृत्युपत्र पुन्हा रीतसर सही-साक्षीने केल्याशिवाय, किंवा तसा हेतू दर्शवणाऱ्या पुरवणी मृत्युपत्राशिवाय जिवंत होत नाही.