शब्दचर्चा : थ्रोन म्हणजे गादी, तख्त की सिंहासन?

शहापूरकरीण

मंडळी, थोडी मदत हवी आहे. जॉर्ज आर. आर. मार्टिन यांची ती लांबलचक मालिका आहे ना, सात राज्यं आणि त्यांच्यातल्या लढायांची? तिचा पहिला भाग 'अ गेम ऑफ थ्रोन्स', १९९६ साली आलेला. तो आमच्या गल्लीतल्या वाचनालयात रविवारी मराठीतून सांगायला घेतलाय. छापायबिपायचं काही नाही, नुसतं तोंडी. पोरांनी पडद्यावर सगळं बघितलेलं आहे. पण पुढच्या रांगेत आजीआजोबा बसतात, त्यातल्या काहींच्या घरी कानडीच चालते. त्यांना 'लॉर्ड', 'हँड', 'वॉर्डन' असं सांगत राहिलं की दहाव्या मिनिटाला जांभया सुरू.

अडले ते नावापाशीच. थ्रोनला आपल्याकडे तीन शब्द : गादी, तख्त, सिंहासन. 'सिंहासन' म्हटलं की रायगड आणि १६७४ आठवतं, त्या शब्दाला हात लावायला मन होत नाही. 'तख्त' म्हटलं की दिल्ली. राहिली गादी. पण 'गाद्यांचा खेळ' म्हटल्यावर एक आजोबा म्हणाले, "पिंजाऱ्याची गोष्ट आहे काय गं?" सगळा वर्ग हसला.

शिवाय पुस्तकातलं ते आसन लोखंडाचं. पहिला राजा एगॉन यानं हरवलेल्या शत्रूंच्या तलवारी वितळवून केलेलं, पाती अजून धारदार. राजानं निवांत टेकून बसू नये म्हणून मुद्दाम तसं केलेलं. त्याला गादी कसं म्हणू?

निपाणीकर

ताई, तुम्ही दोन गोष्टी एका शब्दात कोंबताय म्हणून अडचण होतेय. बसायची वस्तू वेगळी, हक्क वेगळा. मराठीनं हे पहिल्यापासून वेगळं ठेवलंय.

तख्त ही वस्तू आणि सत्ता. गादी म्हणजे परंपरा, वारसा. तख्त गेलं की गेलं. गादीचं तसं नाही. राज्य बुडालं, किल्ले गेले, तनखाही बंद झाला तरी 'गादीचा वारस' असतोच. १७३१ च्या वारणेच्या तहानं सातारा आणि कोल्हापूर अशा एकाच घराण्याच्या दोन गाद्या झाल्या. त्यांना 'दोन तख्तं' म्हणून बघा, कानाला खटकतं.

आता हे पुस्तकाला लावा. गोष्टीतला राजा रॉबर्ट बराथिऑन यानं जिंकलं ते तख्त. समुद्रापलीकडे बहिणीला खाल द्रोगोच्या पदरात टाकून फौज मिळवू पाहणारा, हाकललेल्या राजघराण्याचा व्हिसेरिस मागतोय ती गादी. त्याच्याकडे धड घोडासुद्धा नाही, पण बोलणं सगळं गादीवाल्याचं. त्या पोराचा सगळा स्वभाव या एका शब्दात बसतो. म्हणून लोखंडी आसनाला 'लोखंडी तख्त' म्हणा, आणि भांडण 'गादीचं' म्हणा. पुस्तकाचं नाव आहे तसंच राहू द्या. नावाचं मराठी करायलाच पाहिजे असं कुणी सांगितलंय?

आपल्याकडचं उदाहरण हवं तर कित्तूर आहेच. १८२४ चा तंटा गादीचाच. देसाई निपुत्रिक गेले, दत्तक घेतला, आणि धारवाडचा कलेक्टर थॅकरे तो दत्तक मानेना. त्यातून लढाई पेटली आणि थॅकरे मारला गेला. पुढच्या रांगेतल्या आजोबांना एवढं सांगितलं की वारसाहक्काचं प्रकरण वेगळं समजवावं लागणार नाही.

अथणीवाली

गादी शब्दाला माझं पण मत. आमच्याकडे मठाची गादी असते, अडत दुकानाची पण असते. 'मालक गादीवर हाईत का?' असंच विचारतात की. आणि कानडीत गद्दुगे. राजाचं आसन पण गद्दुगे आणि स्वामींची समाधी पण गद्दुगेच. तुमच्या कानडी घरच्या आजींना शब्द सांगायला नको, नुसतं 'गादी' म्हटलं की कळेल.

टिळकवाडी

'हँड ऑफ द किंग', म्हणजे राजाच्या खालोखालचा कारभारी, त्याला काय म्हणताय? मी मनातल्या मनात 'राजाचा उजवा हात' म्हणत वाचलं.

शहापूरकरीण

मीही तेच म्हणत होते. पण 'उजवा हात' कुणीही असू शकतो, गॅरेजवाल्याचा पोऱ्यासुद्धा. ते पद वाटत नाही. 'पंतप्रधान' म्हटलं तर पोरं हसतात. पेशव्यांनाही पंतप्रधानच म्हणत, हे सांगून बघितलं, काही उपयोग नाही. 'प्रतिनिधी' सुचला होता, पण तो आता निवडणुकीचा झालाय.

निपाणीकर

मुतालिक.

आपल्या बेळगाव जिल्ह्यात हे आडनाव गल्लोगल्ली आहे, म्हणून त्यातलं पद आपल्याला दिसत नाही. मुतालिक म्हणजे मूळ पदाधिकाऱ्याच्या जागी, त्याच्या अधिकारानं, त्याचा शिक्का चालवणारा माणूस. नुसता सल्लागार नव्हे. साताऱ्याच्या दरबारातल्या प्रतिनिधींचे मुतालिक यमाजी शिवदेव १७५० मध्ये सांगोल्याला थेट पेशव्यांच्या विरोधात उभे राहिले, इतकं ते पद वजनदार.

पुस्तकातला हँड नेड स्टार्क, त्याचं काम काय? राजा शिकारीला, मेजवानीला, आणि दरबारात तख्तावर बसून निवाडे करतोय नेड. राजाच्या नावानं हुकूम सोडतोय. छातीवर हाताच्या आकाराचं बिल्ल्यासारखं पदचिन्ह. याला मुतालिक म्हणत नाहीत तर काय म्हणतात? आधीचा मुतालिक जॉन ॲरिन मेला आणि तिथून गोष्ट सुरू होते, असं सांगून बघा.

'वॉर्डन', म्हणजे एकेका दिशेच्या फौजेचा मुख्य, त्यासाठी सरलष्कर. आमच्या निपाणीच्या देसायांचा, सिधोजीराव नाईक निंबाळकरांचा किताब होता तो. (माझं इथलं नाव निपाणीकर असलं तरी मी शाळामास्तर आहे, कुणी मुजरा करू नये.) याच निपाणीची आणि कोल्हापूरची चिकोडी-मनोळीवरून जी ओढाताण चालली, ती वाचली तर मार्टिनसाहेबांचे रिव्हरलँड्स, म्हणजे प्रत्येक लढाईत तुडवला जाणारा नद्यांचा मुलूख, फार लांबचे वाटत नाहीत. १८१२ च्या तहात कोल्हापूरनं त्या दोन तालुक्यांवरचा हक्क सोडला, पेशवाई बुडाल्यावर इंग्रजांनी ते कोल्हापूरला बक्षीस दिले, आणि १८२७ च्या तहात परत काढून घेतले. मधल्या पाटील-कुळकर्ण्यांनी सारा कुणाकुणाला भरला असेल, देवजाणे.

टिळकवाडी

मग सेलस्वोर्ड म्हणजे गारदी ना? पैसे घेऊन लढणारा.

निपाणीकर

अर्थ जवळचा, शब्द चुकीचा. गारदी हे कवायती पायदळ, आणि १७७३ पासून त्या शब्दाला शनिवारवाड्याचा वास आहे. तुम्ही 'गारदी' म्हणालात की ऐकणारा नारायणरावाला शोधायला लागतो. पुस्तकातल्या भाडोत्री ब्रॉनसाठी हवा तो शब्द 'एकांडा'. स्वतःचा घोडा, स्वतःचं हत्यार, कुठल्या पथकात नाही, कुणाचा बांधलेला नाही. 'एकांडा शिलेदार' आपण अजून म्हणतो, फक्त हल्ली त्याला उगाच थोर करून ठेवलंय. ब्रॉन मुळीच थोर नाही. फायदा दिसला म्हणून टिरिअन या सरदारपुत्राच्या बाजूनं उतरला, एवढंच.

शहापूरकरीण

बरं झालं ब्रॉनचं नाव निघालं. आयरीच्या गडावर टिरिअनवर खुनाचा आळ, आणि तो म्हणतो लढाईनं न्याय करा. ट्रायल बाय कॉम्बॅट. 'द्वंद्वयुद्ध' म्हटलं तर त्यात न्यायाचा भाग येत नाही, दोन पैलवान भिडल्यासारखं वाटतं.

निपाणीकर

दिव्य! गोतसभेत, म्हणजे गावच्या न्यायसभेत, साक्षीपुराव्यानं निकाल लागला नाही की वादी दिव्य करायला तयार व्हायचा. रवा काढणं म्हणजे उकळत्या तुपातेलातून धातूचा तुकडा काढणं. मग हात बांधून ठेवायचे आणि नंतर उघडून बघायचे. खरा असेल तर देव राखेल, हीच समजूत तिथेही. फक्त तिथं टिरिअननं दिव्यासाठी भाड्यानं माणूस घेतला, आपल्याकडे हात स्वतःचाच घालावा लागे. 'लढाईचं दिव्य' म्हणा.

खानापूरवाला

उशिरा आलो. आमच्याकडे पाऊस सुरू झाला की वीज कधी जाते त्याचा नेम नाही.

मला एकच शब्द सांगायचा आहे : गॉड्सवुड. तुम्ही काय म्हणता माहीत नाही, मी तर पहिल्यांदा वाचलं तेव्हाच 'देवराई' वाचलं. विंटरफेल या स्टार्कांच्या गडाच्या तटाच्या आत राखलेलं जुनं रान, मधे चेहरा कोरलेलं पांढऱ्या खोडाचं झाड, खाली काळं पाणी. नेड माणूस मारून आला की तिथे जाऊन तलवार पुसत बसतो. पुजारी नाही, देऊळ नाही, घंटा नाही. आमच्या घाटाकडच्या देवराईतही असंच असतं. एखादा तांदळा, नाहीतर नुसताच दगड, आणि भोवती कुऱ्हाड न लागलेली झाडं. वाळकी काटकीसुद्धा चुलीला न्यायची नाही. मोठ्यानं बोललात तर म्हातारी माणसं दटावतात. 'देवाचं रान' म्हणतात, कानडीत देवरकाडु.

फरक इतकाच की देवराई गावाची, गॉड्सवुड सरदाराच्या वाड्याचं. पण ते ऐकणाऱ्याला आपोआप कळतं. 'देवांचे वन' किंवा 'दैवी उपवन' असलं काही करू नका, बागेत कारंजं असल्यासारखं वाटतं. आणि राणी सर्सी नेडला या खेळात जिंकायचं नाहीतर मरायचं असं सुनावते, तीही राजधानीतल्या देवराईतच. देवराईत उभं राहून असं बोलणारी बाई, हे ऐकूनच आमच्याकडच्या म्हाताऱ्या कानाला हात लावतील.

अथणीवाली

खानापूरवाले भाऊ, तुमच्या रानाचं सांगून झालं, आता कोरडवाहूचं ऐका. स्टार्क घराण्याचं ते ब्रीद (ब्रीदच म्हणा हं ताई, 'घोषवाक्य' मोर्चात असतं) हिवाळा येतोय म्हणून बजावणारं. आपल्याकडे हिवाळा आला म्हटल्यावर कोण घाबरतंय? बेळगावची थंडी म्हणजे शाल, शेकोटी आणि हरभऱ्याचे डहाळे. तिथं मात्र उन्हाळा वर्षानुवर्षं चालतो आणि मागून हिवाळा पण तसाच येतो, पीकपाणी बंद. आमच्या अथणीकडं ती धास्ती 'दुष्काळ' या शब्दाला आहे. १८७६ चा सांगणारं कुणी राहिलं नाही, पण १९७२ चा सांगणारी घरोघरी आहेत. मी म्हणते सरळ 'दुष्काळ येतोय' करा.

खानापूरवाला

नको हो ताई. मग बर्फ, भिंत, उत्तरेची ती मेलेली माणसं, सगळं वाहून गेलं. हिवाळा हिवाळाच ठेवा, आणि पुढे 'बेगमी' हा शब्द घाला. आमच्याकडे मृगाआधी लाकूडफाटा, तांदूळ, मीठ-मिरची भरून ठेवतात ती पावसाळ्याची बेगमी. 'स्टार्कांकडे हिवाळ्याची बेगमी शिकवतात' म्हटलं की धास्ती आपोआप येते.

अथणीवाली

हां, हे पटलं.

शहापूरकरीण

मलाही. आता तुमच्या सगळ्यांच्या सुचवण्यांत मला एक चाळणी दिसतेय. मुतालिक, एकांडा, दिव्य, देवराई, बेगमी हे शब्द आपलं काम घेऊन येतात. पेशवा, गारदी हे शब्द आपली माणसं आणि वाडे घेऊन येतात. पहिले घ्यायचे, दुसरे बाजूला ठेवायचे. याच हिशेबानं मी नाइट्स वॉचच्या, म्हणजे उत्तरेच्या भिंतीवर पहारा देणाऱ्यांच्या, शपथेला 'बेलभंडार उचलला' म्हणायचं सोडलं. शब्द फार गोड आहे, पण जॉन स्नो आणि त्याचा मित्र सॅम भिंतीपलीकडच्या त्या झाडांपुढे गुडघे टेकतायत आणि मधेच जेजुरीचा खंडोबा कसा येणार? 'आण घेतली' एवढंच म्हणते. ('आणाभाका' नाही, त्या सिनेमातल्या जोडप्यांना लखलाभ.)

एक शेवटचं. पुढे काय होतं हे ज्यांना माहीत नसेल त्यांनी इथून खाली वाचू नका.

रॉबर्ट मरणाच्या दारात, नेडला मृत्युपत्र सांगतोय. 'माझा मुलगा जॉफ्री' म्हणतो, आणि नेड कागदावर नाव गाळून नुसतं 'माझा वारस' असं लिहितो. इथे 'वारस' पुरेल का 'औरस वारस' हवं?

निपाणीकर

नुसतं 'वारस'. औरस लिहिलंत तर जॉफ्री रॉबर्टचा नाही हे कागदावरच कबूल झालं. नेडला तर ते लपवायचंय. मरणाऱ्या मित्राला दुखवायचं नाही, आणि खोटंही लिहायचं नाही. त्या शब्दात मुद्दाम मोकळी जागा ठेवलीय, ती आपण भरायची नाही.

आणि ताई, हा प्रसंग सांगताना 'ध' चा 'मा' कुणीतरी आठवणारच, तयारी ठेवा. ती दंतकथा असली तरी मराठी माणसाच्या डोक्यात कागदावर शब्द बदलला म्हणजे आनंदीबाईच. इथे बदलणारा सगळ्या पुस्तकातला सरळ माणूस आहे, आणि त्याचा काडीचा उपयोग होत नाही. सर्सी तो कागद भर दरबारात फाडून टाकते.

टिळकवाडी

आणि जॉन स्नोला काय म्हणायचं? अनौरस, दासीपुत्र, लेकवळा, अक्करमाशी?

अथणीवाली

अक्करमाशी नको रे बाबा. ती शिवी आहे, आणि ज्यांनी ती खाल्लीय ती माणसं आपल्यातच आहेत. दासीपुत्र पण नाही, आई कोण ते पुस्तकात नक्की कळतच नाही, दासी कुठनं आणलीस?

शहापूरकरीण

कथेत मी 'अनौरस' म्हणते, आणि टिरिअन त्याला तोंडावर म्हणतो तिथे 'लेकवळा'. टिरिअन टोचून बोलणारा आहे, त्याच्या तोंडी तो जुना शब्द शोभतो. 'स्नो' तसंच ठेवलंय. उत्तरेकडच्या सगळ्या अनौरस पोरांना तेच आडनाव, दक्षिणेत डॉर्नमध्ये 'सँड', एवढं सांगितलं की पोरांना पुरतं. 'हिमे' आणि 'वाळुंजकर' करून बघितलं होतं, पण वाळुंजकर आमच्या ओळखीतले निघाले.

निपाणीकर

खजिन्याच्या लिटलफिंगरला पोतनीस म्हणा, विसरलोच होतो. साठ लाखांवर सोन्याच्या नाण्यांचं कर्ज करून ठेवलेल्या राजाचा पोतनीस. आणि ते पाचसहा जण बंद दाराआड बसतात तो खलबतखाना.

शहापूरकरीण

घेतले दोन्ही. डायरवुल्फला सध्या 'थोराड लांडगा' म्हणतेय. याहून बरं कुणाला सुचलं तर शनिवारच्या आत सांगा.